न्यू थ्रीडीएस एक्सएल चालू केला की लुमाची क्रॅश स्क्रीन, होम मेन्यू येतच नाही. ब्रिक झाला का, म्हणजे कायमचा बाद?

पेठेतला_पोकेमॉन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे न्यू निन्टेंडो थ्रीडीएस एक्सएल हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल आहे, अमेरिकन रीजनचा. मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो मागच्या दिवाळीत आला तेव्हा "मी आता स्विचवरच खेळतो, तू घे हा" म्हणून देऊन गेला. कस्टम फर्मवेअर (निन्टेंडोचं नसलेलं सिस्टिम सॉफ्टवेअर) त्यानेच टाकलेलं आहे, चालू होताना आधी उठणारं बूटनाइनस्ट्रॅप आणि ते ज्याला उठवतं ते लुमा, सिस्टिम ११.१७. आत ३२ जीबीचं मायक्रोएसडी होतं ते गच्च भरलं म्हणून ऑनलाइन १२८ जीबीचं मागवलं, बऱ्यापैकी स्वस्तात मिळालं, मागचं झाकण उघडून जुनं काढलं आणि सगळा माल लॅपटॉपवरून जसाच्या तसा नव्यावर कॉपी केला. काही दिवस झकास चाललं. मग त्यावर अजून थोडे गेम टाकले आणि ॲनिमोन नावाचं ॲप वापरून पहिल्यांदाच थीम लावली, थीम लागली, दिसली पण, रात्री बंद करून झोपलो आणि सकाळी चालू केला तर वरच्या स्क्रीनवर काळ्यावर नुसती अक्षरं.

सगळ्यात वर लाल रंगात एक्सेप्शन आल्याचं लिहिलंय. मग प्रोसेसर एआरएम ११, एक्सेप्शन टाइप डेटा ॲबॉर्ट, करंट प्रोसेस मेन्यू आणि त्यापुढे कंसात ०००४००३०००००८एफ०२. त्याखाली आकड्यांचा ढीग. कुठलंही बटण दाबलं की बंद होतो, परत चालू केला की परत तेच.

ओळखीच्या एका मोबाइल रिपेअरवाल्याला दाखवला, त्याने उघडून पण बघितला नाही आणि म्हणे मेन आयसी गेलीय, बोर्ड बदलावा लागेल, आणि बोर्ड काही इथे मिळायचा नाही. खरं आहे का हे? आणि मुख्य म्हणजे गेमचे सेव्ह वाचतील का ते सांगा. बहिणीचं ॲनिमल क्रॉसिंग या गेममधलं गाव आहे त्यात, ते गेलं तर मला घरात घेणार नाही ती.

वऱ्हाडी_बॉस

सिस्टिम सेटिंगमधून फॉरमॅट मार ना बे. माह्या पीएसपीले असंच झालं होतं, सगळं उडवलं अन् टकाटक चालू झाला. कायले एवढं टेन्शन घेतं.

सोल्डरवाली

फॉरमॅट अजिबात नको! तसाही होम मेन्यूच येत नाहीये म्हटल्यावर तो सेटिंगपर्यंत पोचणार कसा, पण कुणी वाचून दुसऱ्याच रस्त्याने करायला जाईल म्हणून सांगते. पीएसपी आणि थ्रीडीएसचं गणित वेगळं आहे. थ्रीडीएस कार्डावर जे काही लिहितो ते कन्सोलच्या आतल्या मूव्हेबल.सेड नावाच्या फाइलमधल्या चावीने लॉक करून लिहितो. सिस्टिम फॉरमॅट केलं की ती चावी बदलते. कार्डावरचा माल जागेवरच राहतो पण कन्सोलला तो आपला वाटतच नाही, तो शेजारी नवीन फोल्डर काढून रिकाम्या घरात राहायला जातो. म्हणजे गाव तिथेच, पण घराची किल्ली नाही.

आता तुझ्या स्क्रीनबद्दल. ती स्क्रीन लुमा दाखवतंय. म्हणजे बूटनाइनस्ट्रॅप चालू झालं, त्याला बूट.फर्म (लुमाची फाइल) सापडली, लुमा लोड झालं, त्याने सिस्टिम उठवली, आणि इतकं सगळं झाल्यावर एक प्रोग्रॅम तोंडावर आपटला. मेन आयसी गेलेला बोर्ड इतकं सविस्तर पत्र लिहीत नाही रे. तुझ्या रिपेअरवाल्याने थ्रीडीएस आयुष्यात पहिल्यांदा बघितला असणार, त्याला दोष नाही, पण बोर्ड-बिर्ड काही बदलायला जाऊ नकोस.

लोक त्या आकड्यांच्या ढिगाला घाबरतात आणि जी एक ओळ कामाची असते ती सोडून देतात. करंट प्रोसेस. तिथे मेन्यू आहे आणि ०००४००३०००००८एफ०२ हा अमेरिकन होम मेन्यूचा आयडी आहे. युरोपचा असता तर शेवटी ९८०२ दिसलं असतं, जपानी असता तर ८२०२. म्हणजे पडलाय तो होम मेन्यू. डेटा ॲबॉर्ट म्हणजे मेमरीत जिथे हात घालायला नको तिथे त्याने घातला. होम मेन्यू उठताना कार्डावरून स्वतःच्या फाइली वाचतो, आयकॉनची मांडणी, थीम वगैरे, आणि त्यातली एखादी खराब निघाली की नेमकं हेच होतं. तू आदल्या रात्री थीम लावलीस म्हणतोस, म्हणजे संशय आधी तिथेच.

आता क्रमाने कर, एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी पूर्ण बंद करून मगच कार्ड काढ-घाल कर.

आधी कार्ड काढून टाक आणि कार्डाशिवाय चालू कर. भावाने व्यवस्थित केलं असेल तर बूट.फर्मची एक कॉपी कन्सोलच्या आतल्या मेमरीतही असते, तिच्यावर तो उठायला हवा. लुमाच्या सेटिंगची यादी समोर आली तर घाबरू नकोस, काहीही न बदलता स्टार्ट दाब. होम मेन्यू आला तर आनंदाने चहा पी, कारण मग कन्सोल ठणठणीत आहे आणि जे काय आहे ते कार्डावर आहे.

मग कार्ड लॅपटॉपला लाव. काहीही करायच्या आधी अख्ख्या कार्डाची कॉपी लॅपटॉपवर. मग कार्डावरच्या निन्टेंडो थ्रीडीएस या फोल्डरचं नाव बदल, शेवटी जुना असं काहीतरी जोड, आणि कार्ड घालून चालू कर. आला तर त्याने स्वतःचं नवीन रिकामं फोल्डर बनवलेलं असेल. ते उडव, जुन्याचं नाव परत पहिल्यासारखं कर. हे विसरू नकोस, दोन्ही एकत्र करायला गेलास तर आत दोन आयडीची फोल्डरं होतात आणि मग कन्सोल रिकाम्यालाच धरून बसतो, सगळे गेम गायब दिसतात आणि माणूस आणखी घाबरतो.

आता आत जा. निन्टेंडो थ्रीडीएस, त्यात लांबलचक नावाचं एक फोल्डर, त्यात तसंच आणखी एक, त्यात एक्स्टडेटा, त्यात आठ शून्यांचं फोल्डर. तिथे ०००००२सीडी नावाचं दिसेल, तो अमेरिकन कन्सोलचा थीमचा माल. तो उचलून लॅपटॉपवर ठेव आणि चालू करून बघ. नाही जमलं तर ००००००८एफ, तो होम मेन्यूचा स्वतःचा. हा काढलास तर तुझी फोल्डरं आणि आयकॉनची मांडणी जाईल, सगळे गेम परत गिफ्टच्या कागदात गुंडाळलेले दिसतील आणि एकेक उघडत बसावं लागेल. पण सेव्हला धक्का लागत नाही, सेव्ह टायटलच्या, म्हणजे त्या-त्या गेमच्या, फोल्डरमध्ये वेगळे असतात. बहिणीला सांग गाव सुरक्षित आहे, निदान अजून तरी.

काय होतंय ते इथे लिही.

वऱ्हाडी_बॉस

बरं ताई, माघार. पीएसपीवाले आम्ही, उडवा अन् परत टाका एवढंच शिकलो. 😅

जर्सीवासी

सोल्डरवालीने सांगितलंय त्यात एक जोडतो. सगळं करूनही आणि कार्डाशिवायही मेन्यू येत नसेल तर सेफ मोड आहे. बंद असताना एल, आर, वरचा बाण आणि ए हे चारही धरून पॉवर दाबायची आणि धरूनच ठेवायचं, सिस्टिम अपडेटची स्क्रीन येते. वायफाय सेट असेल तर तो निन्टेंडोकडून सिस्टिम परत उतरवून घेतो, बिघडलेला मेन्यू त्यात दुरुस्त होऊ शकतो. ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं आणि ईशॉपमधली खरेदी त्याच्या वर्षभर आधी, २७ मार्च २०२३ ला. पण अपडेट मिळणं चालू आहे, विकत घेतलेले गेम परत उतरवणंही. लुमा चालू असताना अपडेट केलं तर कस्टम फर्मवेअर जात नाही, लुमा त्या भागावर लिहूच देत नाही.

आणि स्टार्ट धरून चालू केलं की गॉडमोडनाइन येतं का तेही बघून ठेव. येत असेल तर निम्मं काम झालं, कारण मेन्यू मेला तरी त्यातून आतल्या फाइलींना हात घालता येतो. पण त्यात उगाच खोदकाम करू नकोस, आत काही लिहायच्या आधी ते एक बटणांचा क्रम दाबायला लावतं, तो क्रम आला की थांब आणि इथे विचार.

पेठेतला_पोकेमॉन

ताई तुम्ही देव आहात!! कार्डाशिवाय पहिल्या झटक्यात चालू झाला. फोल्डरचं नाव बदलून पण आला. मग ०००००२सीडी काढलं, नाव परत जागेवर, आणि आला!! आयकॉन जागच्या जागी, गावात जाऊन आलो, बहिणीने स्वतः तपासलं, तिच्या अंगणात गवत वाढलंय म्हणून माझ्यावरच ओरडली. जर्सीवासी, स्टार्ट धरल्यावर गॉडमोडनाइन पण येतंय.

थीम परत लावू का? ती थीम खराब होती का मग?

सोल्डरवाली

असू शकते. थीमसोबत येणाऱ्या गाण्याच्या फाइलला साइजची मर्यादा असते, लोक अख्खं गाणं कोंबतात आणि मेन्यू झोपतो. दुसरी एखादी साधी, गाणं नसलेली लावून बघ. कन्सोलमधल्या थीमच्या सेटिंगमध्ये एकदा जाऊन ये म्हणजे तो ते फोल्डर नव्याने बनवेल, मग ॲनिमोन.

कोल्हापुरी_पॅड

धागा कुणाचा बी असू दे, माझं बी बघा की राव जरा. माझा साधा थ्रीडीएस एक्सएल हाय, न्यू नव्हं. त्यात बी लुमाच. ह्याचं तर क्रॅश स्क्रीन तरी येतंय, माझ्यात काहीच न्हाई. पॉवर दाबली की निळी लाइट लागती अन् लगेच जाती, खेळ खलास. वर वाचलं तसं कार्ड काढून बघितलं, तेच. चार्जिंगला लावून बघितलं, तेच. गूगल केलं तर म्हणतंय बूट.फर्म गेलीया, म्हणून लुमाची नवीन बूट.फर्म कार्डाच्या रूटवर टाकली, तरी तेच. दुसरं कार्ड घालून बघितलं, तेच. आता काय नदीत सोडू का?

जर्सीवासी

नवीन धागा काढा हो, दोन पेशंट एका खाटेवर नको. 🙂 पण विचारलंच आहे तर, बूट.फर्म रूटवरच आहे ना, फोल्डरमध्ये नाही? आणि बूट.फर्म असंच नाव आहे ना, पुढे कंसात १ लागलेलं नाही ना? परत डाउनलोड केलं की ब्राउजर असलं शेपूट लावतो आणि बूटनाइनस्ट्रॅपला ते नाव ओळखता येत नाही.

कोल्हापुरी_पॅड

रूटवरच हाय, नाव बी बरोबर हाय, तेवढं कळतंय आम्हाला.

सोल्डरवाली

पॅडदादा, दोन प्रश्न. लाइट जाताना स्पीकरमधून टक् असा बारीक आवाज येतो का? आणि अंधारात खालची किंवा वरची स्क्रीन क्षणभर उजळते का?

विचारते कशासाठी, तर बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. बूट.फर्म कार्डावर पण नसेल आणि आतल्या मेमरीत पण नसेल तर बूटनाइनस्ट्रॅपला पुढे काय चालवायचं तेच कळत नाही आणि कन्सोल मुकाट्याने बंद होतो. आवाज नाही, काही नाही. बूटनाइनस्ट्रॅप १.४ असेल तर वरच्या नोटिफिकेशनच्या लाइटला रंग येतो, पांढरी दिसली तर फाइल दोन्हीकडे सापडली नाही असा अर्थ. पण टक् वाजून बंद होत असेल तर त्याचा कस्टम फर्मवेअरशी काडीचा संबंध नाही, ती बॅकलाइटची वायरिंग आहे.

कोल्हापुरी_पॅड

आत्ता रात्री लाइट बंद करून बघितलं. टक् वाजतंय!! अन् स्क्रीन एक सेकंद बी न्हाई, डोळं मिटून उघडेपर्यंत उजळती. पांढरी बिंढरी लाइट काय न्हाई. हे असं कसं झालं, मी तर उघडला बी न्हाई कधी.

सोल्डरवाली

उघडायची गरजच नसते. वरच्या स्क्रीनकडे जाणारी रिबन केबल बिजागरीच्या आतून जाते, आणि सपाट जात नाही, तिची बारीक सुरळी करून बिजागरीच्या नळीतून ओवलेली असते. झाकण उघड-मीट उघड-मीट होऊन वर्षानुवर्षांनी तिथेच ती चिरते किंवा कनेक्टरमधून सैल होते. कन्सोल उठताना बॅकलाइटचं सर्किट तपासतो, लाइन तुटकी वाटली की लगेच पॉवर तोडतो, तो टक् त्याचाच.

खात्री करायला एक कर. झाकण पूर्ण उघडू नकोस, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त ठेव आणि पॉवर दाब. नाही झालं तर अंशाअंशाने कमी-जास्त करत वेगवेगळ्या कोनात दाबून बघ. एखाद्या कोनात चालू झाला तर निदान पक्कं.

पेठेतला_पोकेमॉन

ताई, वाईट बातमी. परत तेच झालं.

थीम मी लावलीच नाही, भीती वाटली. फक्त दोन गेम अजून टाकले. त्यातला एक इन्स्टॉल झाला पण उघडताना काळी स्क्रीन होऊन परत मेन्यूवर आला. आज चालू केला तर परत ती एक्सेप्शनची स्क्रीन, करंट प्रोसेस परत मेन्यूच. या वेळी ०००००२सीडी काढून पण येईना, ००००००८एफ काढल्यावर आला. सगळे गेम गिफ्टमध्ये गुंडाळून आले तुम्ही म्हणाल्या तसे, आणि त्यातले तीन उघडतच नाहीत. हे वारंवार का होतंय?

जर्सीवासी

तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये "बऱ्यापैकी स्वस्तात मिळालं" असं एक वाक्य आहे, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

घटनाक्रम बघ. जुनं कार्ड ३२ जीबीचं, गच्च भरलेलं. तो माल नव्या कार्डावर गेला आणि बिनतक्रार चालला. बिघाड कधी सुरू झाला, तर तू त्याच्यावर नवीन काही टाकायला लागलास तेव्हापासून. नवीन गेम उघडत नाही, नवीन बनलेलं थीमचं फोल्डर खराब, जुना ॲनिमल क्रॉसिंग मात्र धडधाकट. नकली कार्ड हुबेहूब असंच वागतं. आत चिप ३२ जीबीची, बाहेर छापलेलं १२८, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. ३२ च्या पुढे लिहिलेलं सगळं हवेत. कॉपी होताना एरर येत नाही कारण कार्ड "हो, लिहिलं" म्हणतं, परत वाचायला गेलं की कळतं.

विंडोज असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं प्रोग्रॅम आहे, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. ते अख्खं कार्ड फाइलींनी भरतं आणि मग एकेक परत वाचून पडताळतं. त्यासाठी कार्ड रिकामं लागतं. म्हणून आधी त्याच्यावरचं जे वाचता येतंय ते सगळं लॅपटॉपवर घे. सेव्ह वेगळे काढायला चेकपॉइंट वापर, कन्सोलवरच चालतं. त्यातून काढलेले सेव्ह उघड्या स्वरूपात असतात, कन्सोलच्या चावीत अडकत नाहीत, उद्या दुसऱ्या थ्रीडीएसमध्ये पण घालता येतील. बहिणीचं गाव सगळ्यात आधी. गाव काढून झालं की मग टेस्ट लाव, १२८ ला वेळ लागतो, रात्रभर ठेव.

सोल्डरवाली

बरोबर पकडलंत जर्सीवासी. थीम बिचारी फुकट बदनाम झाली, तिचा गुन्हा एवढाच की ती जागा भरल्यावर आली.

आणि चेकपॉइंटची फाइल त्याच कार्डावर लिहिली जाते हे लक्षात ठेव. पुढची जागा खोटी असेल तर बॅकअप पण खोटा. आधी दोन-तीन मोठे गेम सेटिंगमधून उडवून जागा मोकळी कर, किंवा त्याहून बरं, लॅपटॉपवरून निन्टेंडो थ्रीडीएसचं फोल्डर जुन्या ३२ च्या कार्डावर घे आणि चेकपॉइंट तिथून चालव. जुनं कार्ड आहे ना अजून?

पेठेतला_पोकेमॉन

आहे आहे, ड्रॉवरमध्ये. त्यावर जुना माल पण तसाच आहे, मी उडवला नव्हता.

सोल्डरवाली

मग तर सोपं. जुन्या कार्डाची आधी लॅपटॉपवर एक कॉपी. मग नव्यावरचं फक्त ॲनिमल क्रॉसिंगच्या टायटलचं फोल्डर घेऊन जुन्यावरच्या त्याच फोल्डरच्या जागी ठेव, कन्सोल तोच आहे म्हणजे चावी तीच, चालेल. उघडलं आणि ताजं गाव दिसलं की चेकपॉइंटने काढून घे.

कोल्हापुरी_पॅड

आयला, झालं की चालू!! झाकण जरा पुढं झुकवून धरलं अन् पॉवर दाबली, होम मेन्यू समोर. जरा हाललं की बंद. पण चालू तर झालं. बूट.फर्मच्या नादात मी तर फ्लॅशकार्ट, म्हंजे आपला माल टाकता येणारं गेमचं कार्ट्रिज, मागवायला निघालो होतो, कुठंतरी वाचलं की झाकणाला लोहचुंबक लावून फ्लॅशकार्टवरनं परत बूटनाइनस्ट्रॅप टाकतात म्हणून.

सोल्डरवाली

तशी पद्धत आहे, एनटीआरबूट म्हणतात, आणि ज्याचं बूटनाइनस्ट्रॅपच उडालंय त्याला ती खरोखर वाचवते, पण तुला तिचा उपयोग शून्य होता. पैसे वाचले.

आता झाकण त्या कोनात धरून पहिलं काम म्हणजे सेव्हचा बॅकअप, कारण केबल किती दिवस टिकेल सांगता येत नाही. केबल बदलणं जमण्यासारखं आहे पण पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हर हातात घेत असशील तर नको. खालचा भाग उघडून झाला तरी अर्धं काम वर राहतं, वरचं झाकण क्लिपांवर असतं आणि ते काढताना प्लास्टिकला ओरखडे येतात, मग ती सुरळी बिजागरीतून सोडवायची, नवीन केबल तशीच घट्ट गुंडाळून ओवायची, आणि कनेक्टरची खिट्टी आधी वर उचलून मग केबल सरकवायची. खिट्टी न उचलता केबल ओढली की कनेक्टर बोर्डावरून उपटतो, तिथे मग मी सुद्धा हात टेकते. रिपेअरला देशील तर आधी विचार, आधी थ्रीडीएसची बिजागरी उघडलीय का. मोबाइलची फोल्डिंग स्क्रीन करणारा असेल तर त्याला ही भाषा कळते.

कोल्हापुरी_पॅड

मिरजेत एक पोरगं हाय लॅपटॉपच्या बिजागऱ्या करतंय, त्याला दावतो. धन्यवाद ताई, कोल्हापूरला आलासा तर तांबडा-पांढरा माझ्याकडनं.

पेठेतला_पोकेमॉन

टेस्ट झाली. स्क्रीनवर लालमध्ये, मीडिया डिफेक्टिव्ह असण्याची शक्यता. २९ जीबीच्या जवळपास ओके, बाकी सगळा डेटा लॉस्ट. जर्सीवासी, तुमच्या वाक्यावर शिक्का.

गाव वाचलं. जुन्या कार्डावर टाकून उघडलं, ताजंच होतं, चेकपॉइंटने काढून लॅपटॉपवर आणि बहिणीच्या फोनवर पण ठेवलं, ती म्हणाली तुझ्यावर विश्वास नाही. विकणाऱ्याकडे परतावा मागितलाय, टेस्टचा फोटो जोडलाय, उत्तर नाही अजून.

आता दुकानातून दुसरं १२८ चं आणलंय, याची टेस्ट आधीच करून घेतली, सगळं ओके आलं. पण कन्सोलमध्ये घातलं तर कार्ड ओळखतच नाही म्हणतोय. लॅपटॉपवर फॉरमॅट करायला गेलो तर फक्त एनटीएफएस आणि एक्सफॅट असे दोनच पर्याय दाखवतंय.

जर्सीवासी

एक्सफॅट थ्रीडीएसला वाचता येत नाही, फॅट३२ लागतं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला तो पर्यायच देत नाहीत. गुईफॉरमॅट नावाचं प्रोग्रॅम घे, त्यात अलोकेशन युनिट ३२७६८ ठेव, ६५५३६ नको. आणि कार्ड रिकामं असताना कन्सोलमध्ये घालू नकोस, सरळ लॅपटॉपवरून जुना माल टाकूनच घाल, नाहीतर ते दोन आयडीच्या फोल्डरचं लचांड सोल्डरवालीने सांगितलंय ते.

लुमाचं फोल्डर आणि बूट.फर्म पण न्यायचं, नुसतं निन्टेंडो थ्रीडीएस नाही.

पेठेतला_पोकेमॉन

झालं. चालू. थीम पण लावली, तीच, गाण्यासकट.